काटेरी रान आणि ट्रॅक्टरचा पंजा

हल्ली आपल्याकडे पडीक व पोटखराब जमीन वहितीस आणण्याचा उद्योग बराच वाढला आहे. पूर्वी ज्या कामास कुऱ्हाड, कोयता आणि दहा गडी लागत, ते काम आता ट्रॅक्टरच्या पुढील लोडरास पंजा जोडून एकटा चालक करू लागला आहे. ही गोष्ट इष्टच होय. परंतु जे अवजार माती, शेणखत किंवा कडब्याचे भारे उचलण्यास पुरते, तेच जसेच्या तसे वेड्या बाभळीच्या जाळीत घालणे म्हणजे अनवाणी माणसास काट्यांच्या वाटेने धाडण्यासारखे आहे. आमचे स्पष्ट मत असे आहे की, संरक्षक पत्रे व जाळ्या बसविल्यावाचून कोणताही ट्रॅक्टर काटेरी रानात नेऊ नये. मग तो स्वतःचा असो वा भाड्याचा.

वेडी बाभूळ मूळची या देशची नव्हे. ती अमेरिका खंडातील असून १८७७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणली गेली, आणि आज ओढ्याचे काठ, गायराने व शेतांचे बांध तिने व्यापिले आहेत. तिचा काटा दोन इंचांपर्यंत वाढतो. वरून तोडली तर ती बुडख्यापासून पुन्हा फुटते. पण यंत्राच्या दृष्टीने तिचा खरा दुर्गुण निराळाच आहे. तिची हिरवी फांदी दाबली असता वाकते, सहसा मोडत नाही, आणि दाब सुटताच चाबकासारखी उलटते. अशी फांदी जाड लोखंडाचे काही वाकडे करीत नाही. ती फटीतून शिरून नाजूक भाग तेवढे गाठते.

यंत्राने रान मोडणे आपल्या देशास नवे नाही. मध्य हिंदुस्थानातील कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी मोडण्याची यंत्रे घेण्याकरिता १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज काढण्यात आले होते. त्या कामास साखळीवर चालणारे जड ट्रॅक्टर लावले गेले, कारण काम तसेच जड होते. आज आपण मात्र जो ट्रॅक्टर पेरणी, कोळपणी व वाहतूक करितो, तोच रानात नेतो. त्याच्या तोंडाशी रेडिएटर असतो आणि रेडिएटरपुढे केवळ पातळ जाळी असते. यंत्र काम बदलू शकते, पण त्याचे अंग आपोआप बदलत नाही.

आता दुखापत कोठे होते ते पाहू. पहिली जागा हायड्रॉलिकच्या पाइपांची. पंजाची वरची दाढ उघडझाप करणाऱ्या जॅकास जाणारे पाइप बहुधा उघड्यावर व सैल असतात. त्यांत फांदी अडकली की पाइप सांध्यापाशी उपटतो. दुसरी जागा जॅकच्या चकचकीत दांड्याची. ज्या पंज्यात दाढ आवळताना दांडा बाहेर येतो, त्यात नेमका भार पकडलेला असतानाच दांडा उघडा राहतो. त्यावर बुडख्याचा एक टोला बसून खाच पडली, की पुढे प्रत्येक फेरीस ती खाच आतील सील कापीत जाते व तेल गळू लागते. तिसरी जागा रेडिएटरची, चौथी ट्रॅक्टरच्या पोटाखालील तेलाच्या टाकीची व फिल्टरची, आणि पाचवी, जिचा विचार सर्वांत शेवटी होतो, ती म्हणजे चालकाची.

ह्या पाचव्या जागेविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमधील तेल दर चौरस सेंटिमीटरास सुमारे १५० ते २०० किलो इतक्या दाबाखाली असते. काट्याने पाइपास सुईएवढे छिद्र पडले, तरी त्यातून निघणारी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, वेदनाही प्रथम फारशी होत नाही, म्हणून तिकडे दुर्लक्ष होते. आणि तेवढ्या अवधीत बोट किंवा हात गमावण्याचा प्रसंग येतो. अशा वेळी लेप अथवा मलमपट्टी करीत न बसता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा, आणि तेल कातडीत शिरले आहे असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. गळती हाताने चाचपून कधीही पाहू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावी.

उपाय महाग नाहीत व गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होण्यासारखे आहेत. जॅकवर ५ ते ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे पन्हळीसारखे छप्पर बसवावे. ते दांडा पुरता बाहेर आला असताही त्यास झाकील इतके लांब असावे, परंतु खालून मोकळे असावे, म्हणजे पाला व माती साचणार नाही. पाइप लोडरच्या बाहूंच्या आतील बाजूने न्यावेत, जागोजाग पट्ट्यांनी आवळावेत आणि सांध्यांपाशी जाड रबराचे किंवा तारेच्या वेटोळ्याचे वेष्टण घालावे. रेडिएटरपुढे दोन पडदे हवेत: बाहेर फांद्या अडविणाऱ्या सळ्या, व आत पाला अडविणारी, हाताने काढता येईल अशी बारीक जाळी. ही आतील जाळी कामाच्या मध्ये वेळोवेळी झाडली नाही, तर इंजिन तापेल आणि संरक्षणच रोगाचे कारण होईल. सायलेन्सरजवळ अडकलेला वाळला पाला आग लावितो, हेही विसरू नये. पोटाखाली पत्रा लावावा व त्यास तेल बदलण्यापुरते भोक ठेवावे. चालकापुढे मजबूत जाळीची चौकट असावी.

हे सर्व बोल्टांनी बसवावे, वेल्डिंगने चिकटवू नये. बोल्टचा पत्रा वाकला तर काढून सरळ करिता येतो. वेल्डिंगचा पत्रा वाकताना मूळ बाहूस ओढतो. जेथे वेल्डिंग टळत नाही तेथे बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात, आणि वेल्डिंगची दुसरी तार कामाच्या अगदी शेजारी जोडावी, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंग व जॅक यांतून जाणार नाही. पंजाच्या कठीण पोलादी दातांस आणि ट्रॅक्टर उलटल्यास चालकास वाचविणाऱ्या कमानीस वेल्डिंग करू नये व भोकही पाडू नये. काम झाल्यावर लोडर अगदी हळू वरपासून खालपर्यंत व दाढ पूर्ण उघडून-मिटून पाहावी. कोठे पाइप चेंगरत किंवा ताणला जात असेल तर तो तेथेच दिसतो. उचललेल्या लोडरखाली मात्र कोणी वाकू नये.

यावर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला असा की, लोखंडाने वजन वाढून उचल कमी होते. हे खरे आहे. पण हिशेब करून पाहावा. ६ मिलिमीटर जाडीचा अर्धा चौरस मीटर पत्रा सुमारे २४ किलो भरतो. तेवढे ओझे प्रत्येक खेपेस कमी उचलावे, आणि मागील बाजूस वजन लावून ट्रॅक्टरचा तोल राखावा; ते तर पत्रा नसतानाही अवश्यच आहे. दुसरा आक्षेप असा की, कुशल चालकास ह्या चिलखताची गरज नाही. कुशल चालक फांद्या ट्रॅक्टरास आडव्या पडतील अशा बेताने ढीग उचलतो, पंजा ढकलण्यास न वापरता पकडण्यास वापरतो, हे मान्य. परंतु जाळीच्या पोटात काय दडले आहे हे त्यासही दिसत नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. त्यास उत्तर एवढेच की, हे काम आपण फाल्गुनापासून वैशाखापर्यंत करितो. त्या अखेरीस जॅक किंवा रेडिएटर फुटला, तर ट्रॅक्टर मृगाच्या तोंडावर दुरुस्तीस पडून राहतो. सुट्या भागाची किंमत पावतीवर लिहिलेली असते. चुकलेल्या पेरणीची कोठेच लिहिलेली नसते, आणि बँकेचा हप्ता तर दोन्हींची वाट पाहत नाही.

महसुली दप्तरात आयुष्य घालविलेल्या माणसाने आणखी एक सूचना केल्यास वाचक क्षमा करतील. यंत्र नेण्यापूर्वी त्या रानातून स्वतः एकदा पायी फिरावे. पडक्या विहिरीचा काठ, जुन्या कुंपणाची तार, तोडलेले बुडखे आणि हद्दीचे दगड यांस चुन्याची खूण करावी. तार आसास गुंडाळते, दगड पंजाचे दात वाकवितो. आणि तो दगड हद्दीचा असला तर पंजापेक्षा शेजाऱ्याशी असलेला सलोखा अधिक काळ वाकडा राहतो. आंबा, चिंच, मोह, साग, खैर अशी झाडे आढळल्यास १९६४ च्या झाडे तोडण्यासंबंधीच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हेही ध्यानात असावे. पंजास झाड व झुडूप यांतील भेद कळत नाही. तो मालकास कळला पाहिजे.

अखेरीस कर्तव्याचा प्रश्न. विक्रेते पंजा विकतात, परंतु त्याचे संरक्षण ग्राहकावर सोडतात. ग्राहकांनी एकत्र मागणी केल्यावाचून ही रीत बदलणार नाही. तोपर्यंत आपल्या संस्थेने दोन गोष्टी कराव्यात असे आम्हांस वाटते. एक, जॅकचे छप्पर व रेडिएटरचे दोन्ही पडदे यांचा एक चांगला नमुना करवून तो सभासदांस मापे घेण्याकरिता ठेवावा. दुसरी, भाड्याने यंत्र आणताना ते संरक्षणयुक्त असल्याखेरीज करार करू नये, असा ठराव सर्व सभासदांनी पाळावा. एका शेतकऱ्याने हट्ट धरिला तर भाडेवाला दुसऱ्या शेतात जातो. साऱ्या गावाने धरिला तर तो वेल्डिंगच्या दुकानात जातो.