जुन्या फेरारीचा हिशेब

डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी सचिन तेंडुलकरने २००२ साली बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने त्याला फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट दिली. ती भारतात आणावयाची तर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये आयातशुल्क पडत होते. केंद्र सरकारने २००३ साली ते माफ केले. गदारोळ उठला, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीने भरले. पुढे २०११ साली हीच मोटार सुरतेच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली. या दुसऱ्या व्यवहाराची बातमी लोकांनी कौतुकाने वाचली आणि सोडून दिली. त्या खरेदीदाराविषयी तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु जुन्या विलासी मोटारींच्या खरेदीविक्रीला कायद्याने जी छत्रछाया दिली आहे, तिच्याविषयी मात्र तक्रार असावयास हवी.

वापरलेली फेरारी घ्यावी की नाही, याचा विचार करणारा धनिक मोठा हिशेबी असतो. नवी मोटार दारात येताच तिची किंमत उतरते, हे तो जाणतो. म्हणून पहिल्या मालकाने तोटा सोसल्यावर तो पुढे सरसावतो. इंजिनाचा टायमिंग बेल्ट गाडी धावो वा न धावो, ठराविक वर्षांनी बदलावा लागतो, हे त्याला ठाऊक असते. देखभालीच्या नोंदी तो तपासतो, विम्याचा हप्ता विचारतो. जुन्या मोटारीचा दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो; या एका गोष्टीवर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली निबंध लिहिला आणि २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. खरेदीदाराने निबंध वाचलेला नसला, तरी त्यातले मर्म त्याला अनुभवाने कळलेले असते.

एवढा हिशेब करून तो विकत घेतो काय? वेग म्हणावा, तर या देशात द्रुतगती मार्गावरही मोटारीस ताशी १२० किलोमीटरच्या पुढे मुभा नाही, आणि शहरातले खड्डे तर चारशे अश्वशक्तीच्या इंजिनालाही पायीच चालावयास लावतात. म्हणजे विकत घेतले जाते ते इतरांपाशी नसणे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी प्रदर्शनासाठी केलेल्या उपभोगाची मीमांसा १८९९ सालीच केली होती. फ्रेड हर्श यांनी १९७६ साली तिला पुढची जोड दिली: काही वस्तूंचे मोल त्या थोड्यांनाच मिळतात यातच असते, त्यामुळे समाज कितीही श्रीमंत झाला तरी त्या सर्वांना पुरत नाहीत. १९६० च्या दशकातली फेरारी २५० जीटीओ अवघी ३६ नग बनली. त्यांतली एक २०१८ साली अमेरिकेतल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. मोटार वाहन राहिली नाही, मालमत्ता झाली, एवढाच याचा अर्थ.

पण कायद्याला हा अर्थ उमगलेला नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेच्या व्याख्येतून वगळल्या. त्यातून दागिने मात्र पुन्हा आत घेतले गेले. २००७ च्या वित्त कायद्याने चित्रे, शिल्पे आणि पुरातन वस्तूंचे संग्रहही आत आले. मोटार बाहेरच राहिली. परिणाम असा की एखाद्या शिक्षिकेने मुलाच्या शिक्षणासाठी आईचे दागिने मोडले, तर तिला भांडवली नफ्याचा हिशेब मांडावा लागतो. आणि स्वतःच्या वापरासाठी म्हणून बाळगलेली दुर्मिळ मोटार कोणी दामदुपटीने विकली, तर तो नफा करमुक्त! मंगळसूत्र मालमत्ता ठरते आणि फेरारी घरातल्या खुर्चीटेबलांच्या पंगतीत बसते.

दुसरी वाट कंपनीच्या दप्तरातून जाते. मोटार कंपनीच्या नावाने घेऊन धंद्यासाठी वापर दाखविला की तिच्यावर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. तेवढा करपात्र नफा कमी होतो. तेव्हा झिजणारी मोटार कंपनीच्या नावाने घ्यावी आणि वधारणारी स्वतःच्या, हा सल्ला कोणताही चतुर सल्लागार देईल. त्यात बेकायदा काहीच नाही. आक्षेप नेमका त्यालाच आहे.

असे म्हटले की ठरलेली उत्तरे येतात. पैसा ज्याचा, मर्जी त्याची. दुसऱ्याचे वैभव पाहून समाजवाद्यांच्या पोटात दुखते. अशा मोटारी देशात आहेत किती, आणि त्यांतून तिजोरीत पडणार ते काय? पैसा ज्याचा त्याचा असला, तरी करमाफी सर्वांची असते. कारण एकाने न भरलेला कर दुसऱ्याच्या पगारातून, नाही तर काडेपेटी आणि साबणावरल्या करातून भरून निघतो. कोणाच्या मोटारीवर बंदी घाला, असे कोणी म्हणत नाही. आणि रक्कम लहान असेल, तर ती सोडण्यास एवढी टाळाटाळ कशासाठी? दागिने मोडणाऱ्या शिक्षिकेची रक्कम लहान आहे म्हणून कायदा तिला सोडीत नाही.

उपाय नवा शोधावयाचा नाही. २८ फेब्रुवारी १९७५ नंतर आणि १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारीवर, पर्यटकांना भाड्याने देण्याच्या गाड्यांसारखे अपवाद सोडल्यास, घसारा मिळत नव्हता. पंचवीसएक वर्षे हा नियम चालला आणि उद्योगधंदे बुडाले नाहीत. आता बनावट परदेशी की देशी हा भेद नको. ठराविक किमतीच्या वरच्या मोटारीवर घसारा बंद करावा, आणि अशी मोटार विकून झालेला नफा चित्राशिल्पांप्रमाणेच करपात्र धरावा. एवढी मागणी पुरे आहे.

२००३ साली १ कोटी १३ लाखांचे शुल्क भरले गेले, कारण सवलत एका प्रसिद्ध माणसाला दिलेली होती आणि लोकांनी जाब विचारला. जी सवलत कोणा एकाचे नाव न घेता कायद्याच्या व्याख्येत लिहून ठेवलेली असते, तिचा जाब कोणी विचारीत नाही. तो विचारणे हे नागरिकांचे काम आहे, आणि विधिमंडळात निवडून जाणाऱ्यांचे तर आहेच आहे.