धूसर म्हणजेच सुंदर?

कुठलीही नवी 'फास्ट प्राइम' लेन्स आली की कौतुक एकच: मागचं काय झकास धूसर होतं! अरे, पण मोठं अ‍ॅपर्चर त्यासाठी असतं का?

१९७५च्या 'बॅरी लिंडन'साठी कुब्रिकने नासाकरता बनवलेली झाइसची ५० मिमी एफ/०.७ लेन्स वापरली, ती मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण करता यावं म्हणून. प्रकाशासाठी!

आता हिशेब करा. एफ/१.८ऐवजी एफ/१.२ घेतलं तर प्रकाश सव्वादोन पट, म्हणजे एका स्टॉपहून किंचित जास्त. बदल्यात फुल-फ्रेमवर ५० मिमीने एक मीटरवरून काढलेल्या फोटोत जेमतेम ३ सेंटिमीटर शार्प. डोळा दिसतो, कान विरघळतो. व्हिडिओत माणूस जरा पुढे झुकला की फोकसची बोंब. भर उन्हात शटर १/५० ठेवायचं तर एनडी फिल्टरचा खर्च वेगळा.

आणि आजीचा फोटो काढताना तिच्यामागची फळी, डबे, कालनिर्णय पुसून काय मिळवलं? वीस वर्षांनी नेमकं तेच शोधत बसाल.

अंधारात शूट करता? जरूर घ्या. नाहीतर स्वस्तातली एफ/१.८ घ्या, एफ/५.६वर लावा आणि मागे काय आहे ते बघा की राव!