आधी पाणी मोजा, मग पेरा



आज २ ऑक्टोबर. आज महात्मा गांधींची जयंती आहे आणि लालबहादूर शास्त्री यांचीही जयंती आहे. शास्त्रीजींनी १९६५ साली 'जय जवान, जय किसान' ही घोषणा दिली. ती आपण दरवर्षी प्रभातफेरीत मोठ्याने देतो. पण मागच्या महिन्यात गुरुजींनी वर्गात विचारले, "मोठेपणी शेती कोण करणार?" तेव्हा एकानेही हात वर केला नाही. पोलीस होणारे पाच निघाले, ड्रायव्हर होणारे तीन निघाले. मीसुद्धा हात वर केला नाही. घरी गेल्यावर मला वाईट वाटले. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

आपल्या चौथीच्या पटावर १७ मुले आहेत. दिवाळी झाली की गावात ट्रक येतात आणि मुले आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी वर्गात आम्ही नऊच उरलो होतो. कबड्डीचे दोन संघसुद्धा होत नव्हते. बीड जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत असेच होते. मी आजीजवळ राहते. आई आणि दादा म्हणजे माझे वडील फडाजवळ कोपीत राहतात आणि पहाटे थंडीत ऊस तोडायला जातात. ते पाडव्याच्या आसपास परत येतात. तोवर घरात आम्ही दोघीच. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून पाणी मी आणते.

आपण गाव सोडून का जातो, हे मी दादांना विचारले. दादा म्हणाले, "रानात पाणीच नाही तर काय करू? मुकादमाची उचल घेतली तर घर चालतं." दादांचे खरे आहे. पण मला ते अर्धेच खरे वाटते. दादा, रागावू नका. तीन वर्षांपूर्वी आपल्या बोअरला चांगले पाणी होते. आपण दोन एकर ऊस लावला. शेजारच्यांनीही लावला. फेब्रुवारीत बोअर आटला. ऊस वाळला आणि तो गुरांना घालावा लागला. म्हणजे आपले पाणी आपण उसाला घातले, आणि मग दुसऱ्याचा ऊस तोडायला गेलो.

यंदा गुरुजींनी आमच्याकडून बाटली कापून पर्जन्यमापक करून घेतला. आम्ही जून ते सप्टेंबर रोज सकाळी पाऊस मोजला. सगळा मिळून ५४० मिलिमीटर भरला. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,००० लिटर पाणी होते. आम्ही फळ्यावर गुणाकार केला. एका एकरावर २१ लाख ६० हजार लिटर पाणी पडले! दहा हजार लिटरचे २१६ टँकर झाले. मग गुरुजींनी सांगितले की उसाला १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते. ज्वारीचे पीक त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास पाण्यात निघते. आपला पाऊस आहे ५४०. उरलेले पाणी उसाला कुठून येणार? ते जमिनीच्या पोटातून येते. ते संपले की आपणही गाव सोडतो.

आजी १९७२ च्या दुष्काळात माझ्याएवढी होती. ती खडी फोडायला जायची. तेव्हा सुकडी आणि तांबडी मिलो ज्वारी खायला मिळायची. आजी म्हणते, "तवा खायला न्हवतं, पर आडात प्यायला पाणी व्हतं. आता दुकानात समदं हाय, पर आडात पाणी न्हाई." २०१६ साली तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

पण उपाय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथेही पाऊस कमी पडतो आणि तिथलीही माणसे गाव सोडून गेली होती. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर लोकांनी श्रमदान केले, बांध घातले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि ऊस लावायचा नाही असे ठरवले. तिथे दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडतात आणि मग पिके ठरवतात. बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

आमचे चुलते म्हणतात, "ज्वारीला भाव नाही. उसाला कारखाना तरी हाय." हेही खरे आहे. जिथे कालव्याचे पाणी आहे तिथे लोक ऊस लावोत. ज्वारीला, तुरीला भाव मिळाला पाहिजे हे मोठ्या माणसांनी सरकारला सांगावे. पण भाव ठरवणे आपल्या हातात नाही. पाणी मोजणे आपल्या हातात आहे. पाणी राहिले तर ज्वारीबरोबर थोडा कांदा होईल, भाजी होईल, म्हशीला चारा होईल.

आज ग्रामसभा आहे. तिथे मुलांना बोलता येत नाही, म्हणून मी इथे लिहिते. पालकांनी एवढे तीन ठराव मांडावेत, अशी माझी विनंती आहे.

१. आम्ही मोजलेला पाऊस पंचायतीच्या फलकावर लिहावा.

२. दरवर्षी या महिन्यात गावातल्या सगळ्या विहिरींचे पाणी मोजावे. आधी माणसांचे व गुराढोरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढावे आणि उरलेल्यात काय पेरायचे ते सर्वांनी मिळून ठरवावे.

३. उसासाठी नवा बोअर कोणी घेऊ नये.

विहिरी मोजायला आम्ही मुले येऊ. दोरी, दगड आणि वही एवढेच लागते.

एका वर्षात सगळे होणार नाही, हे मला कळते. यंदाही दिवाळीनंतर ट्रक येतील. पण हिशोब आज सुरू केला तर कधीतरी ते यायचे थांबतील. मग आपल्या शाळेचा पट भरलेला राहील. गुरुजींनी मला पुन्हा विचारले तर मी हात वर करीन.

जय जवान, जय किसान!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी