पर्समध्ये रिव्हॉल्व्हर हवंच का?

वर्तमानपत्रात एखादी वाईट बातमी आली की बचतगटाच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच, "ताई, सरकारने आता बायकांना सरळ बंदुकाच द्याव्यात!" बाकीच्या हसतात. पण त्या हसण्यामागचा राग खरा असतो. वाळूजच्या कंपनीतून रात्रीची पाळी संपवून येणारी, सिल्लोड-कन्नडकडची शेवटची एसटी चुकलेली किंवा शेतवस्तीवर एकटी राहणारी बाई, हिने स्वतःचं रक्षण करायचं तरी कसं? म्हणून हा विषय हसण्यावारी न नेता नीट बघू या.

बायकांसाठी रिव्हॉल्व्हर ही कल्पना आपल्या देशात प्रत्यक्षात आलेली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडलं, त्याने देश हादरला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. .३२ बोअरचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन साधारण ५०० ग्रॅम. म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुड्याएवढं. दागिन्यांच्या डबीसारख्या मरून पेटीत ते मिळायचं आणि किंमत होती १ लाख २२ हजार ३६० रुपये. तेव्हाच्या भावाने एवढ्या पैशात चार तोळे सोनं आलं असतं! पुढे ईशापूरच्या कारखान्याने 'निडर' हे अवघं पाव किलोचं .२२ बोअरचं रिव्हॉल्व्हर काढलं. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबळ' आलं.

आधी फायदे बघू. हलकं शस्त्र पर्समध्ये किंवा कमरेला बाळगणं सोपं. घरी कपाटात पडून राहिलेलं जड शस्त्र रस्त्यावर काय कामाचं? दुसरं म्हणजे रिव्हॉल्व्हरची रचना साधी असते. गोळ्या एका फिरत्या चक्रीत असतात, तिलाही सिलिंडरच म्हणतात. एखादी गोळी उडाली नाही, तर पुन्हा चाप ओढायचा, पुढची गोळी समोर येते. पिस्तुलासारखी अडकलेली गोळी काढत बसावं लागत नाही. आणि तिसरा फायदा मनाचा. आपल्याजवळ काहीतरी आहे, या विचाराने चाल बदलते, मान ताठ होते. तो फायदा मी कमी लेखणार नाही.

आता तोटे. हलकेपणा हाच पहिला तोटा. गोळी तीच आणि शस्त्र हलकं, म्हणजे गोळी सुटताना हाताला बसणारा झटका जास्त. जड शस्त्र तो झटका स्वतः पचवतं, हलकं आपल्या मनगटावर ढकलतं. नळी आखूड असल्याने नेम धरताना केसभर चूक झाली तरी गोळी भलतीकडेच जाते. चापही कडक असतो, कारण त्याच एका ओढीत चक्री फिरवायची असते आणि घोडाही उचलायचा असतो. म्हणजे ज्या शस्त्राला 'बायकांसाठी सोपं' म्हणतात, ते चालवायला खरं तर जास्त सराव लागतो. आणि सराव करायचा कुठे? गोळ्या महाग, परवान्यावर किती घ्यायच्या त्याला मर्यादा, आणि तालुक्याच्या गावी नेमबाजीची रेंज कुठून आणायची?

शिवाय हल्ला सांगून होत नाही. पर्सची चेन उघडून, किल्ल्या, रुमाल, औषधाच्या पट्ट्या बाजूला सारून शस्त्र हातात येईपर्यंत समोरचा अंगावर आलेला असतो. झटापटीत तेच शस्त्र त्याच्या हाती गेलं तर? शिवाय घरी गेल्यावर आपली पर्स कोण उघडतं? चॉकलेट शोधणारं लेकरू. या एका विचारानेच माझ्या अंगावर काटा येतो.

कायद्याचीही बाजू आहे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. मग पोलिस चौकशी होते. २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमीही द्यावी लागते. परवाना पाच वर्षांचा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायला सांगितलं जातं. स्वसंरक्षणाचा हक्क मात्र कायद्याने प्रत्येकीला दिलेला आहे. भारतीय न्याय संहितेप्रमाणे बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला किंवा जिवाला धोका असेल, तर स्वतःला वाचवताना हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. पण गरजेपुरतंच बळ वापरलं, हे पुढे पोलिसांसमोर आणि कोर्टात मांडावं लागतं.

आणि खरी मेख पुढेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगते. बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, लग्नाचं वचन देणारा, कामावरचा माणूस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी साधारण २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. अशा वेळी सांगा बरं, पर्समधलं रिव्हॉल्व्हर कुणावर रोखायचं? दीरावर? मुलांच्या बापावर? ज्या घरात रोज दारू पिऊन मारहाण होते, त्या घरात भरलेलं शस्त्र आणलं तर ते आधी कुणाच्या हाती लागेल, हे तुम्हीही जाणता.

घरात बंदुका वाढल्या की समाज सुरक्षित होतो, असंही दिसत नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्याकडेच बघा ना. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. परवाने होते बाराशेहून जास्त! पुढे त्यातले अनेक रद्द करावे लागले. एवढ्या बंदुका असून तिथल्या आयाबहिणींना निर्धास्त वाटत होतं का? बंदूक आली ती बहुतेक दबदब्यासाठी. जानेवारी २०१३ मध्ये मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले होते, तेव्हाही चर्चा भरपूर झाली. पण शस्त्र वाटलं की बाकीच्यांची जबाबदारी संपते, आणि ती आपल्या पर्समध्ये येऊन पडते.

मग कुणीच घेऊ नये का? तसं मी म्हणणार नाही. एखाद्या बाईला खरोखर धमक्या येत असतील, ती वाळूमाफियांशी भिडलेली सरपंच असेल, रोज रोकड घेऊन जाणारी व्यावसायिक असेल, किंवा गावापासून दूर वस्तीवर एकटी राहत असेल, तर तिने रीतसर अर्ज जरूर करावा. "बाई, तुम्हाला कशाला हवी बंदूक?" असं म्हणून तिला हसण्यावारी नेऊ नये. पण परवाना मिळाल्यावर सराव हवाच, आणि शस्त्र कुलपात हवं.

बाकी आपल्यासारख्या हजारो जणींसाठी मार्ग वेगळा आहे. ११२, १०९१ आणि १८१ हे नंबर प्रत्येकीला, लेकीसुनांनाही पाठ हवेत. शहरात पोलिसांचं दामिनी पथक आहे, त्याची माहिती ठेवा. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कायदा आहे, त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" असं उत्तर ऐकून परत फिरू नका. आणि मुख्य ग्रामसभेच्या आधी जी महिला ग्रामसभा होते, तिथे सही करून घरी न येता रस्त्यावरचे दिवे, शेवटची एसटी आणि शाळेच्या वाटेवरचा दारूचा अड्डा हे विषय इतिवृत्तात लिहून घ्या.

अर्धा किलोचं ओझं पर्समध्ये वागवायचं की नाही, हे ज्या त्या बाईने ठरवावं. पण गावातला रस्ता रात्री चालण्यासारखा ठेवणं ही ग्रामपंचायतीची, पोलिसांची आणि सरकारची जबाबदारी आहे. आपण ती आपल्या अंगावर घ्यायची नाही, आणि त्यांना विसरूही द्यायची नाही.