न आलेल्यांची वही

बँकेत काउंटरच्या आत बसून मी तीस वर्षे काढली. समोर येईल तो ग्राहक. न येणारा आपल्या लेखी नाहीच, अशी आम्हा बहुतेकांची धारणा होती. 1989 साली रिझर्व्ह बँकेने सेवाक्षेत्र योजना आणली. प्रत्येक ग्रामीण शाखेला 15 ते 25 गावे नेमून दिली गेली आणि वही घेऊन घरोघर हिंडण्याची पाळी आली. एका वस्तीवर एका आजींनी विचारले, “बँकेत आमच्यासारख्यांनी बी यायचं असतं व्हय, सायेब?” आमची शाखा तिथून जेमतेम चार किलोमीटरवर होती.

आपल्या आरोग्यसेवेचे दुखणे नेमके हेच आहे. एका प्राथमिक आरोग्य केंद्राकडे सपाटीवर 30,000 आणि आदिवासी किंवा डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्या सोपवलेली असते. केंद्राची नोंदवही मात्र आलेल्यांची. न आलेली बाळंतीण, औषध अर्ध्यावर सोडलेला क्षयरोगी यांची वही कोणी ठेवायची?

याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत, घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. तीन वर्षांत तेथील नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आले. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि 2011 साली केंद्र सरकारने आशांमार्फत ही पद्धत देशभर नेण्याचे ठरवले.

मग अडते कुठे? आशाताई घरोघर जाते, रजिस्टर भरते. ते आकडे तालुका, जिल्हा असे वर चढत जातात. खाली उतरते ते उद्दिष्ट. आमच्या बँकेतही हेच झाले. सर्वेक्षणाचे तक्ते वर गेले आणि परत आली ती कर्जवाटपाची टार्गेटे.

सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचे खरे काम इथे सुरू होते. गावाची माहिती तिने गावाच्याच डॉक्टरांपुढे परत मांडावी: कोणत्या पाड्यावर लसी राहिल्या, कोणाचा रक्तदाब तपासलाच गेला नाही. आशाने पाठवलेल्या रुग्णाला पुढच्या दवाखान्यात दार उघडे मिळेल, हे पाहावे. आणि तिला ‘स्वयंसेविका’ म्हणून कामागणिक मोबदल्यावर ठेवू नये. 2023 साली राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले. हिशेबाची वही सांभाळणाऱ्याला बँक पगार देते; माणसांची वही सांभाळणारीला तो का नसावा?

त्या आजी पुढे कधी बँकेत आल्या का, याची चौकशी मी केली नाही. वहीत त्यांचे नाव लिहिले होते. तेवढ्यावर माझे काम संपले, असे मला तेव्हा वाटले होते.