पाहणीवाला दारी आला, तर खरे सांगा

एखाद्या दिवशी सरकारी पाहणीवाला दारी येतो आणि विचारू लागतो, "महिन्यात तांदूळ किती लागला? डाळ किती? अंडी, दूध, औषधपाणी?" आपण लगेच सावध होतो. रेशनकार्ड जाईल, कर बसेल, या भीतीने कोणी दूध लपवतो, तर कोणी अब्रूपायी नसलेले मटण सांगतो. आमच्या मते दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली, ती याच तत्त्वावर. मात्र शीत भांड्यातून कुठूनही उचलावे लागते. वरचेच उचलले तर तळाशी करपलेले कळत नाही. म्हणून घरे निवडताना ओळखपाळख बघत नाहीत, चिठ्ठी टाकावी तशी ती निवडतात. निवडलेले एक घर हजारो घरांच्या वतीने बोलते.

या पाहणीच्या आकड्यांवरूनच पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दाखवून दिले, की १९६०-६१ मध्ये शहरांतील सुमारे निम्म्या लोकांना माणशी रोज २२५० कॅलरींचे अन्नही परवडत नव्हते. आकडे नसते, तर ही भूक कोणी मानली असती?

पण खर्चाची पाहणी घराच्या उंबऱ्याशी थांबते. घरचा एकूण खर्च ती माणसांच्या संख्येने भागते. ताटात कोणाच्या काय पडले, सर्वांची जेवणे उरकल्यावर आईच्या वाट्याला काय उरले, हे तिला दिसत नाही. ते कुटुंब आरोग्य पाहणीत रक्ताच्या थेंबातून दिसते. २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ जणींत रक्त कमी आढळले, पुरुषांत २५ जणांत. पाळी व बाळंतपण ही कारणे आहेतच. पण शेवटी जेवणारीच्या ताटाचाही यात वाटा आहे, असे आम्हांस वाटते. गरिबी मोजायची तर दोन्ही पाहण्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

सरकारचेही कर्तव्य आहे. २०१७-१८ च्या खर्च-पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचे २०१९ मध्ये ठरले. त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ चेच आकडे हाती आले. लोकांनी वेळ देऊन सांगितलेले लोकांपुढे यायलाच हवे.

तेव्हा पाहणीवाला आला, की त्याचे ओळखपत्र बघा, बसायला द्या आणि आहे तेच सांगा. सांख्यिकी संकलनाच्या २००८ च्या कायद्याखाली घेतलेली घरची माहिती आकडेवारीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आणि स्वयंपाकघराचे उत्तर घरधन्याने देऊ नये. डब्यात काय उरले आहे, हे घरच्या बाईलाच ठाऊक असते.