दिव्यावरचे दोन आंकडे

गेल्या आषाढांतील गोष्ट. आमच्या मागील दारीं, नहाणीघराबाहेरच्या भिंतीवर, एक नवा दिवा लावला होता. खोक्यावर ‘आयपी ६५’ असें स्पष्ट छापलेलें. तेव्हां पावसाची चिंता मिटली, असा आमचा समज. पंधरा दिवसांनीं एका सायंकाळीं धाकट्या सूनबाई ओल्या हातानें दार लावीत असतां त्यांचें मनगट दिव्याच्या धातूच्या कवचास लागलें, आणि त्या किंकाळी फोडून मागें सरल्या. घरांतील आरसीसीबीचा खटका तत्क्षणीं पडला, म्हणून प्रसंग झिणझिण्यांवर निभावला. दिवा उतरवून पाहतों तों आंत ओंजळभर पाणी!

सर्वांचा रोष अर्थातच दिव्यावर व तो विकणाऱ्यावर झाला. परंतु शांतपणें पाहतां दोष दिवा बसविणाऱ्याचा, म्हणजे प्रस्तुत लेखकाचाच, निघाला. तो कसा, हें कळण्यास त्या दोन आंकड्यांचा अर्थ आधीं समजून घेतला पाहिजे. आणि असे दिवे आतां घरोघर आले असल्यामुळें तो वाचक बंधुभगिनींनाही उपयोगीं पडेल.

‘आयपी’ ही खूण आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाच्या मानकांतील आहे. त्याची पहिली आवृत्ति १९७६ सालीं निघाली. आज त्याचा क्रमांक ६०५२९ असून भारतांतही तेंच मानक स्वीकारलेलें आहे. ‘६५’ हा येथें ‘पासष्ट’ असा एक आंकडा नव्हे. ‘सहा’ आणि ‘पांच’ हे दोन स्वतंत्र आंकडे आहेत. पहिला घन पदार्थांविषयीं बोलतो, दुसरा पाण्याविषयीं.

पहिला आंकडा ० ते ६ असतो. २ म्हणजे माणसाचें बोट आंतील विजेच्या भागापर्यंत पोहोंचत नाहीं. ४ म्हणजे एक मिलिमीटर जाडीची तारही शिरत नाहीं. ५ म्हणजे थोडी धूळ गेली तरी कामांत बिघाड होत नाहीं. ६ म्हणजे धूळ मुळींच जात नाहीं. धुळीच्या परीक्षेसाठीं दिवा एका बंद पेटींत ठेवून त्याच्याभोंवतीं शंखजिऱ्याची बारीक पूड तासन् तास उडवितात.

दुसऱ्या आंकड्यांत १ म्हणजे वरून सरळ ठिबकणारें पाणी. ३ म्हणजे उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपा फवारा. ४ म्हणजे कोणत्याही बाजूनें उडणारे शिंतोडे. ५ या परीक्षेंत ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळींतून मिनिटास साडेबारा लिटर पाण्याची धार दिव्यावर सोडतात, तर ६ मध्यें मिनिटास १०० लिटरांची. ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास. ८ म्हणजे निर्मात्यानें सांगितलेल्या अटींवर सतत पाण्याखालीं. आंकड्याच्या जागीं ‘एक्स’ असेल, तर त्या बाबतींत कांहींही सांगितलेलें नाहीं, इतकाच अर्थ घ्यावा.

येथें पुष्कळांची फसगत होते. ७ हा आंकडा ५ व ६ यांच्याहून मोठा असला तरी तो त्यांना पोटांत घेत नाहीं. स्थिर पाण्यांत बुडून कोरडा राहिलेला दिवा नळीच्या जोरदार धारेपुढें टिकेलच, असें नाहीं. दोन्ही परीक्षा उतरलेल्या दिव्यावर ‘आयपी ६६’ व ‘आयपी ६७’ अशा दोन्ही खुणा असतात.

आणखी एक गोष्ट. हे आंकडे नव्या, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणें बंद केलेल्या कवचाचे असतात. उन्हानें रबर तडकेल कीं काय, कोंकणांतील खाऱ्या हवेनें स्क्रू गंजतील कीं काय, हें ते सांगत नाहींत. शिवाय दिवा तापला म्हणजे आंतील हवा प्रसरण पावून बाहेर जाऊं पाहते आणि विझल्यावर निवतांना बाहेरची हवा आंत ओढली जाते. फट असेल, तर तिच्याबरोबर पाणीही शिरतें.

आतां आमचा अपराध. त्या दिव्यास तार आंत घेण्यासाठीं खालच्या बाजूस रबरी ग्लँड होतें. भिंतीवर तार वरून येत होती. ती वळवून खालीं नेणें दिसण्यांत बरें वाटेना, म्हणून मीं कवचाच्या माथ्यावर नवें भोंक पाडून तींतून तार घेतली. अर्थिंगची तार ‘मग पाहूं’ म्हणून तशीच राहिली. ज्या क्षणीं भोंक पडलें, त्या क्षणीं ‘६५’ या खुणेचा अर्थ संपला. मातोश्रींनीं माझें हें सारें विवेचन ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, “म्हणजे बरणी चांगलीच होती, दादरा तूं फाडलास, असेंच ना?”

तेव्हां दिवा घेतांना सर्वांत मोठा आंकडा न शोधतां, त्या जागीं पाणी कोठून व कसें येतें, हें आधीं पाहावें. माजघरांत, दिवाणखान्यांत ‘आयपी २०’ पुरतो. नहाणीघरांत शिंतोडे उडतात तेथें दुसरा आंकडा निदान ४ असावा. उघड्या अंगणांत, फाटकाच्या खांबावर ६५ योग्य. जेथें पावसाचें पाणी तुंबतें तेथें जमिनींत बसविण्याच्या दिव्यास ६७. आणि हौदाच्या तळाशीं दुसरा आंकडा ८ असलेलाच.

आमच्या मागील दारीं आतां नवा दिवा आहे. तार खालून घेतली असून तिला ग्लँडच्या खालीं एक झोल ठेवला आहे, म्हणजे ओघळणारें पाणी तेथेंच गळून पडतें. अर्थिंगही जोडलें आहे. दरवर्षीं मृग लागण्यापूर्वीं मुख्य खटका बंद करून घराबाहेरच्या प्रत्येक दिव्याचें रबर, स्क्रू व तारेचें तोंड जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. दिव्यावरील आंकडे कारखान्याचे. ते खरे ठेवणें मात्र आपल्या हातीं असतें.